साईटवर टाकलं म्हणजे गावाला सांगितलं, असं होत नाही



पूर्वी कागद हवा असला की तहसीलला जायचं. दिवस मोडायचा, मजुरी बुडायची, आणि संध्याकाळी 'साहेब दौऱ्यावर आहेत' एवढं ऐकून परत यायचं. आता नवं उत्तर आलंय. तलाठ्याला विचारा, प्रांताच्या ऑफिसात विचारा, रेंज ऑफिसात विचारा, सगळीकडे एकच: "सगळं ऑनलाइन आहे, मोबाईलवर बघून घ्या." दिवस मोडत नाही खरा, पण कागदही हातात येत नाही. पाड्यावर रेंज नाही. ज्या टेकडीवर रेंज येते तिथं साईट उघडत नाही. उघडली तर गावाचं नाव सापडत नाही. आणि सापडलंच, तर पुढच्या महिन्यात तो कागद कोणाच्या मोबाईलमध्ये होता ते कोणाला आठवत नाही.

यावर आपल्यात दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, हे मोबाईलचं काम आपलं नाही, आपण मोर्चा काढू, तिथंच कागद मागू. दुसरं मत तरुण पोरांचं: आता सगळं नेटवर आहे, जुन्या पिशव्या सांभाळायची गरज काय? आम्हाला दोन्ही मतं अर्धीच वाटतात. मोर्चा लागतोच, पण मोर्चात काय मागायचं ते कागदावरून ठरतं. आणि नेटवर आहे ते सरकारचं दप्तर आहे, आपलं नाही. ते उद्या बदलू शकतं, हलवलं जाऊ शकतं, बंद पडू शकतं. म्हणून आमचं म्हणणं असं: नेटवरचा कागद शोधायला शिकायचं, पण त्याचा हिशोब गावाच्या वहीत ठेवायचा. आणि ज्या गोष्टी सरकारनं गावात येऊन सांगायच्या आहेत, त्या साईटवर टाकून सरकारची सुटका होऊ द्यायची नाही.

आधी हे शेवटचं बोलू, कारण त्यात आपल्या जमिनी अडकल्या आहेत.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ चे, आणि २०१२ ला त्यात दुरुस्ती झाली. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर दावेदाराला दाद मागायला ६० दिवस मिळतात: ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे, उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे. पण हे ६० दिवस कधीपासून मोजायचे? २०१२ च्या नियमात स्पष्ट आहे: निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा, म्हणजे त्याच्या हातात द्यायचा, आणि कळवल्या तारखेपासून मुदत मोजायची. यादी साईटवर चढवली म्हणजे कळवलं, असं नियमात कुठेही नाही. ज्या बाईनं आयुष्यात साईट बघितली नाही, तिच्या प्लॉटचा निकाल साईटवर लागला आणि साठ दिवस तिच्या नकळत संपले, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा नियम दाखवा. अपात्र यादीत नाव दिसलं तरी घाबरून गप्प बसू नका. लेखी मागा: निर्णयाची प्रत, कारणासकट, पोच घेऊन.

१३ फेब्रुवारी २०१९ आठवतोय ना? त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला. देशभर आरडाओरडा झाला आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस गावागावात एकच प्रश्न होता: आपला दावा नाकारलाय की प्रलंबित आहे? नाकारला असेल तर कधी, कोणी, का? ज्याच्याकडे पोच आणि पत्र होतं त्याला उत्तर देता येत होतं. बाकीच्यांची जमीन तीच, कसणूक तीच, पण हातात काही नाही. कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. पण पडताळणी पूर्ण झाली नाही हे सांगायलासुद्धा कागद लागतो.

आता शोधायचं कसं ते बोलू. साईट पुष्कळ आहेत, पण आपल्या कामाच्या मोजक्याच.

पहिली महाभूलेख. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. बघायला पैसे लागत नाहीत. पण नुसता बघायला मिळतो तो उतारा माहितीपुरता. तो सरकारी कामाला किंवा कोर्टात चालत नाही. चालणारा हवा तर डिजिटल सहीचा काढायचा, त्याला १५ रुपये पडतात. सेवा केंद्रात कोणी फुकटचा उतारा छापून जास्त पैसे घेतले तर आधी सही बघा. आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा: आपल्या प्लॉटला पुष्कळदा गट नंबर नसतो, जंगलाचा कक्ष क्रमांक असतो. असा प्लॉट या साईटवर शोधून सापडला नाही म्हणजे जमीन आपली नाही असं होत नाही. हक्क कसण्यातून आणि कायद्यातून येतो, साईटवरून येत नाही.

दुसरी 'आपली चावडी'. गावात कोणता फेरफार चालू आहे त्याची नोटीस तिथं लागते. हरकतीला १५ दिवस असतात. ज्या गावात मालकी जमिनीची खरेदी-विक्री वाढली आहे, जिथं रस्ता नाहीतर कारखाना येतोय, तिथं ही साईट आठवड्याला बघायला हवी.

तिसरी राज्य सरकारच्या शासन निर्णयांची. इथं आपली माणसं हरवतात, कारण शब्द टाकून शोधलं तर नको ते शंभर निघतं आणि हवं ते निघत नाही. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक आकडा असतो, त्याला संकेतांक म्हणतात. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी तारखेनंच होते. हा संकेतांक वहीत उतरवला की तो निर्णय पुन्हा केव्हाही काढता येतो. कोणी साहेब म्हणाला 'असा जीआर आलाय', तर त्याला संकेतांक विचारा. आकडा सांगता आला नाही तर जीआर बघितल्याशिवाय मान हलवू नका.

चौथी केंद्राची 'परिवेश'. जंगल जमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला, विजेच्या लाईनला द्यायचे प्रस्ताव २०१८ पासून या साईटवर चालतात. प्रस्तावाला क्रमांक असतो. त्यासोबत नकाशे, क्षेत्राचा आकडा, दाखले, कधी ग्रामसभेचे ठराव जोडलेले बघायला मिळतात. इथं डोळ्यात तेल घालून बघायला हवं. नियमानुसार वनहक्काच्या कामातल्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात. साईटवर आपल्या गावाच्या नावानं ठराव असेल तर त्याची तारीख आपल्या प्रोसिडिंग बुकाशी ताडून बघा. त्या तारखेला ग्रामसभा झाली होती का? किती सह्या, किती अंगठे? ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकानं ग्रामसभेची संमती मागितली होती. नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली १२ ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं ते सगळ्या देशानं पाहिलं. पण २०२२ च्या नियमांनी गाडी उलटी फिरवली: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्काची पूर्तता राज्यानं मागाहून बघायची. म्हणजे मोजणीवाले गावात येईपर्यंत थांबलो तर पुष्कळ काही आधीच ठरून गेलेलं असतं. प्रस्ताव साईटवर चढला तेव्हाच कळायला हवं.

शोधताना नावाचा घोळ फार होतो. साईटला महसुली गाव कळतं, पाडा कळत नाही. वनहक्काची ग्रामसभा आपण पाड्याची भरवतो, पण त्याची नोंद कुठल्या तरी गावाच्या किंवा ग्रुप ग्रामपंचायतीच्या नावाखाली असते. शिवाय इंग्रजीत गावाचं नाव तीन जण तीन तऱ्हेनं लिहितात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाची सगळी नावं लिहून ठेवा: बोलीतलं, महसुली, पंचायतीचं, वनखात्याच्या नकाशावरचं आणि इंग्रजीतली सगळी स्पेलिंगं. जिल्हेही बदलले आहेत. पालघर २०१४ ला ठाण्यातून निघाला, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ ला चंद्रपुरातून. त्याआधीचा कागद हवा तर जुन्या जिल्ह्याच्या नावानं शोधायचा. जुने कागद पुष्कळदा फोटोसारखे स्कॅन केलेले असतात. त्यात शब्द टाकून काही सापडत नाही, पानं उलटूनच बघावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे. पण आजाच्या नावाची एकसाली प्लॉटची किंवा दंडाच्या पावतीची नोंद अशाच पानात निघते.

आता ठेवायचं कसं.

आज काय होतं? एखादा शिकलेला पोरगा कागद शोधतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. खाली पन्नास जण हात जोडतात. त्यावर वाढदिवसाचे केक, पावसाचे व्हिडिओ, मग तो कागद दिसेनासा. पोरगा कामाला वसईला, नाहीतर सुरतला जातो. मोबाईल फुटतो, सिम बदलतं. अर्जाची माहिती ज्या नंबरवर यायची तो नंबरच बंद. गावाचं दप्तर एका पोराच्या खिशात ठेवायचं हे त्या पोरावरही ओझं आहे आणि गावालाही धोक्याचं. आम्ही त्या पोरांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळंच एवढं तरी हाती आलंय. पण गावाचं बियाणं आपण एकाच कणगीत ठेवतो का?

आमची सूचना साधी आहे. वनहक्क समितीनं एक जाड वही करावी, तिला 'कागदांची वही' म्हणा. प्रत्येक कागदाला, मग तो पिशवीतला असो की मोबाईलमधला, एक अनुक्रमांक द्यायचा आणि पुढे सहा गोष्टी लिहायच्या: कागदावरची तारीख, कागद कशाचा, त्याचा जावक नंबर किंवा संकेतांक, कुठून आणि कोणत्या दिवशी मिळाला, कुठं ठेवला, आणि शेवटची मुदत कोणती. सहावा रकाना लाल शाईनं. साठ दिवस, पंधरा दिवस, तीस दिवस, जी मुदत असेल ती तारीख घालून लिहायची. दर महिन्याच्या ग्रामसभेत फक्त लाल रकाना मोठ्यानं वाचायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही मग कळतं की या महिन्यात काय संपतंय.

मोबाईलमधल्या फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पाडा, मग कशाचा कागद, असं द्यायचं. असं केलं की फाईली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. वहीतला अनुक्रमांक त्याच नावात टाकायचा, म्हणजे वही आणि फाईल एकमेकींना ओळखतात. 'स्कॅन १', 'नवीन', 'नवीन फायनल' अशी नावं म्हणजे वाट न ठेवता जंगलात शिरणं.

प्रत्येक कागदाच्या तीन जागा असाव्यात. एक छापील प्रत समितीच्या पेटीत. एक मोबाईलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर. एक गावाबाहेर, संघटनेच्या ऑफिसात नाहीतर शेजारच्या गावाच्या समितीकडे. घर जळतं, पूर येतो, उंदीर कुरतडतो, पेनड्राइव्ह बिघडतो. तिन्ही जागा एकदम जात नाहीत. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची शाई वर्षभरात उडते, त्यांची लगेच झेरॉक्स काढा. साईटवरचं पान छापताना ते कोणत्या तारखेला काढलं ते दिसू द्या. नसेल दिसत तर पेनानं लिहून दोघांनी सही करा. उद्या तिथला आकडा बदलला तर काल काय होतं ते आपल्याकडे राहील.

बांधाचे, विहिरीचे, जुन्या आंब्याचे, घराच्या जोत्याचे, मसणवटीचे फोटो काढा. नियम १३ प्रमाणं हे सगळे पुरावे आहेत, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा पुरावा आहे. फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. मात्र तो फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर तो बारीक होतो आणि त्यातली जागेची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. एवढ्याशा गोष्टीनं पुराव्याचं वजन जातं.

उपग्रहाच्या फोटोबद्दलही सांगायला हवं. ऑफिसात कॉम्प्युटरवर हिरवा नकाशा दाखवतात आणि म्हणतात, 'इथं तर झाडी दिसते, शेत कुठाय?' डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेती, झाडं राखून केलेली शेती वरून नीट दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे. २०१२ चा नियमही तेच म्हणतो: उपग्रहाचा फोटो आणि इतर तंत्र बाकी पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, त्याच्या बदल्यात नाही. गुजरातच्या गावांनी हाच मुद्दा घेऊन २०१३ साली तिथल्या उच्च न्यायालयाकडून नाकारलेले दावे पुन्हा तपासायला लावले. त्यातल्या कित्येक गावांनी स्वतःच जीपीएस घेऊन प्लॉट मोजले होते आणि उपग्रहाचे फोटो स्वतःच्या बाजूनं मांडले होते. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्राला भिऊ नका आणि यंत्राच्या पायाही पडू नका.

काही गोष्टी मात्र नेटवर टाकूच नका. आधार नंबर, बँकेचं पासबुक, ओटीपी ग्रुपवर नको. आणि गावदेवीची राई, औषधाच्या मुळ्या सापडतात त्या जागा, मधाचे कडे, यांचे नकाशे तर अजिबात नको. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला हद्दीचा नकाशा लागतो, तो द्या. पण पारंपरिक ज्ञानावर आपला सामूहिक हक्क आहे असं कायदाच म्हणतो. ते ज्ञान कोणाला दाखवायचं हे ग्रामसभा ठरवेल. एकदा बाहेर गेलेलं परत बोलावता येत नाही.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप आम्हीच का करायचा? हे सरकारचं काम नाही का? आहेच. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कार्यालयानं आपलं दप्तर नीट सूची करून, क्रम लावून ठेवायचं, आणि माहिती स्थानिक भाषेत, त्या भागात पोचेल अशा रीतीनं लोकांपर्यंत न्यायची. माहिती पोचवणं म्हणजे काय हेही तिथंच लिहिलंय: सूचनाफलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, आणि मग इंटरनेट. म्हणजे आपल्या चावडीवरचा फलक आणि दवंडी कायद्यात आहे, ती जुनाट गोष्ट नाही. साईट ही या यादीतली एक वाट आहे. जिथं रेंज नाही तिथं ती वाट बंद आहे, मग बाकीच्या वाटांनी येणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

तेव्हा आपली मागणी आणि आपलं काम दोन्ही सोबत चालू द्या. पुढच्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत असं आम्ही सुचवतो. एक, वनहक्क दाव्यांची यादी, स्थितीसकट, दर तीन महिन्यांनी मराठीत छापून चावडीवर आणि प्रत्येक पाड्यावर लावावी. दोन, दावा नाकारल्याचा किंवा क्षेत्र कमी केल्याचा निर्णय कारणासकट दावेदाराच्या हातात द्यावा, साईटवरची नोंद आम्ही कळवलं असं मानणार नाही. तीन, आमच्या हद्दीतली जंगल जमीन वळवायचा प्रस्ताव आला तर त्याचा क्रमांक आणि नकाशा ग्रामसभेला लेखी कळवावा. ठरावाची प्रत प्रांत आणि जिल्हाधिकारी दोघांना द्या, पोच घ्या, आणि ती पोच वहीत पहिल्या अनुक्रमांकावर लावा.

वही सांभाळायला दोन माणसं नेमा, त्यात एक बाई असू द्या. पोरं मुंबईला गेली तरी बाया गावात असतात, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. महिन्यातून एक संध्याकाळ, ज्याच्या मोबाईलला रेंज आहे त्याला सोबत घेऊन, चारही साईट बघायच्या आणि काय बदललं ते वहीत उतरवायचं. काही बदललं नसेल तर 'काही बदल नाही' असंही तारीख घालून लिहायचं. तेही कामाला येतं.

या पत्रिकेचे जुने अंकही कोणाकडे असतील तर टाकून देऊ नका. कुठल्या साली कुठल्या पाड्यावर गार्डानं पीक कापलं, कुठं सभा झाली, कोणाला पकडलं, ते त्यात तारखेसकट आहे. शाई फिकट झाली असेल, पण तारीख वाचता येते.

कसणाऱ्याची जमीन, ग्रामसभेचं जंगल, आणि गावाचं दप्तर गावाकडे!